बापू गाडी घेतायत

सावेडीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, “बापूंचं काय चाललंय?” उत्तर ठरलेलं असतं, “बापू गाडी घेतायत.” मधल्या काळात जिल्ह्याचं अहमदनगर जाऊन अहिल्यानगर झालं, शहराच्या डोक्यावरून उड्डाणपूल गेला, बापूंना नातू झाला आणि तो नातू बालवाडीत जायला लागला. बापू गाडी घेतायतच.

तशी गाडी बापूंच्या दारात आहे. पांढरी, सात सीटची, मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’. ती घ्यायला त्यांना एक दुपार पुरली. जेवून बाहेर पडले ते चहाला गाडी घेऊनच आले. जी ‘घेतायत’ ती वेगळी. तिला दोनच दारं असतात, ती जमिनीला पोट लावून पळते आणि आधी तिचा आवाज येतो, मग ती येते. बापू तिला ‘स्पोर्ट’ म्हणतात, वहिनी ‘बुटकी’. वहिनींनी स्वयंपाकघरातून “बुटकीचं काय झालं हो?” असं विचारलं की नवख्या पाहुण्याला वाटतं, घरात एखाद्या स्थळाची बोलणी चालू आहेत. पाहुणा फारसा चुकत नाही.

बापूंचं ठिबक, पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान नगरमध्ये, मूळ गाव कोपरगाव तालुक्यात. बुटकीचं वेड लागलं ते समृद्धी महामार्गामुळे. २०१७ साली सरकारनं सरळखरेदीनं जमिनी घ्यायला सुरुवात केली, त्यात बापूंचं सहा एकर वावर गेलं. भाव चांगला मिळाला. पोराचा पुण्यातला फ्लॅट झाला, दुकान वाढलं, थोडे पैसे ठेवीत पडले आणि एक रक्कम बापूंनी बाजूला काढली. “रस्त्यानं दिलंय, ते रस्त्यावरच गेलं पाहिजे सर,” असं त्यांचं म्हणणं. माझं नाव त्यांनी ‘सर’च ठेवलं आहे. मी शाळेत शिकवायचो, म्हणून गाड्यांतलंही मला कळत असणार, अशी त्यांची समजूत आहे. ती दूर करायचा मी प्रयत्न केला, पण बापूंच्या समजुती दुकानातल्या पाइपासारख्याच आयएसआय मार्कच्या असतात.

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आणि लगोलग बापू मला घेऊन कोपरगावकडच्या कोकमठाणला निघाले. इंटरचेंजवरून वर चढलो. बापू गाडी चालवत होते आणि डाव्या हाताला चुलत्यांची विहीर शोधत होते. विहीर दिसली. “हे बघा, इथून लागलं... आणि हे संपलं,” ते म्हणाले. मी चष्मा नीट करेपर्यंत वावर मागे पडलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी साखर कारखान्याच्या डायरीत हिशेब मांडला. रस्त्याची पट्टी १२० मीटर रुंद धरली, तर सहा एकर म्हणजे २०० मीटर लांबी. गाडीला वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. बापूंनी पेनाचं टोपण लावलं आणि कांद्याचा भाव सांगावा तसं सांगितलं, “सहा सेकंद. एकराला एक सेकंद पडला.”

त्यांना खरं डाचतं ते पुढचंच. समृद्धीवर ट्रॅक्टरला बंदी आहे. दुचाकी नाही, रिक्षा नाही, बैलगाडीचं तर नावच नको. ज्या वावरात वडिलांनी कर्ज काढून आणलेला ट्रॅक्टर फिरला, तिथं आता ट्रॅक्टर दिसला तर पोलीस अडवणार. “मग तिथं जायचं तर तिथल्या लायकीचं काहीतरी घेऊन जावं लागंल का नाही?” हा प्रश्न बापू मला विचारतात, न्हाव्याला विचारतात, सीएला विचारतात, आणि एकदा तर पाइप घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी तो इतक्या कळकळीनं विचारला की तो बिचारा पाइप न घेताच विचार करत निघून गेला.

बापूंचं पहिलं वाहन लुना. ते नगरच्या माणसाचं असायचंच. १९७२ पासून किनेटिकनं ती देशाला दिली ती आमच्या गावातून. वडिलांनी एका संध्याकाळी ती दारात उभी केली आणि “घे” एवढंच म्हणाले. ना चर्चा, ना डायरी. बापू ही गोष्ट फार अभिमानानं सांगतात, आणि सांगून झाल्यावर डायरी उघडतात.

त्या डायरीबद्दल बोललं पाहिजे. पुढच्या बाजूला दुकानाची उधारी, मागच्या बाजूनं उलटी धरली की बुटकी. तिथला हिशेब रुपयांत नसतो, ट्रॅक्टरमध्ये असतो. नऊ लाखांचा एक ट्रॅक्टर धरायचा. पाऊण कोटीची गाडी म्हणजे आठ ट्रॅक्टर आणि वर थोडी अवजारं. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स. पाऊण कोटीला पावणेदहा लाख. म्हणजे गाडी नुसती नावावर करायलाच एक ट्रॅक्टर गेला. या ओळीखाली बापूंनी लाल पेनानं दोन रेघा मारल्या आहेत. मी एकदा म्हटलं, “बापू, ट्रॅक्टरमध्ये मोजलंत तर कुठलीच गाडी परवडायची नाही.” तर म्हणाले, “ट्रॅक्टर पैसे आणतो सर, हौस पैसे नेते. नेणाऱ्याला आणणाऱ्याच्याच मापानं मोजायचं असतं.” यावर काय बोलणार?

दुसरं माप खिशातल्या टेपचं. कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की स्पोर्टचं पोट गतिरोधकाला घासतं. तेव्हापासून बापू सकाळी फिरायला जातात ते गतिरोधक मोजायला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. हे काम पक्षाचं आहे असं बापूंना आधी वाटलं होतं, आणि तालुकाध्यक्षांना फोनही झाला होता. नियम कळल्यावर त्यांनी आमच्या कॉलनीतला मारुतीच्या देवळासमोरचा उंचवटा मोजला. रुंदी हातभर, उंची अर्ध्या विटेहून जास्त. गणपतीत कुणाचं तरी पोर धडकता धडकता वाचलं म्हणून मंडळाच्या पोरांनी रातोरात मुरूम आणि सिमेंट कालवून तो घातलेला. बापू त्याच्यापाशी उकिडवे बसून टेप लावतात तेव्हा येणारे-जाणारे थांबतात. एका आजींना वाटलं बापूंचं काही हरवलंय. त्याही बसून शोधायला लागल्या.

आणि गतिरोधक परवडला, अशी पुढची वाट. नगरहून समृद्धीवर जायचं तर राहुरी, कोल्हार, राहाता, शिर्डी असं ऐंशीएक किलोमीटर नगर-मनमाड रस्त्यानं जावं लागतं. हा रस्ता आमच्या जिल्ह्यात वाहतुकीपेक्षा भाषणांना जास्त उपयोगी पडलेला आहे. त्याच्या खड्ड्यांवर उपोषणं झाली, निवडणुका झाल्या. चांगल्या रस्त्याला लागण्याआधीच बुटकी खुळखुळा व्हायची. बापूंनी यावर तोडगा काढला होता: बुटकीला ट्रकवर चढवून कोकमठाणपर्यंत न्यायचं, वर समृद्धीवर सोडायचं, सहा सेकंद चालवायची आणि पुन्हा ट्रकवर चढवून आणायचं. क्रेनवाल्याशी भावाचं बोलणंही झालं. वहिनी म्हणाल्या, “मग त्या ट्रकमध्येच बसून जा की, उंचावरून वावर तरी नीट दिसंल.”

पाहुणे आले की बापू त्यांना रणगाडा संग्रहालयात नेतात. १९९४ पासून लष्करानं ते नगरला मांडलंय. तिथं रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे, जुनी ‘सिल्व्हर घोस्ट’. बाकीचे लोक पाकिस्तानकडून पकडलेल्या पॅटनपाशी फोटो काढतात, बापू रोल्स-रॉइसपाशी थांबतात. मेव्हणा एकदा म्हणाला, “दाजी, नगर-मनमाड रस्त्याला हीच बरी.” त्याच्याशी बापू शिर्डी येईपर्यंत बोलले नाहीत.

पुण्याच्या शोरूममध्ये आम्ही गेलो त्या दिवसाबद्दल वहिनींना अजून सगळं माहीत नाही. काचेचा दरवाजा, आत अत्तराचा वास, टायवाला मुलगा. त्यानं बापूंच्या पायजम्याकडे पाहिलं, पण वागला अदबीनं. “सर, आपण काय करता?” “शेतकरी,” बापू म्हणाले. दुकान आहे हे सांगितलंच नाही. मग त्यांनी मुलाला लॅम्बोर्गिनीची गोष्ट सांगितली. हे त्यांचं ठेवणीतलं अस्त्र आहे. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा मुळात ट्रॅक्टरवाला. लढाई संपल्यावर त्यानं ट्रॅक्टरचा कारखाना काढला, १९६३ मध्ये मोटारींचा. सांगतात असं की त्याच्याकडच्या फेरारीचा क्लच सारखा जायचा, तक्रार घेऊन गेला तर फेरारीसाहेब म्हणाले, तू तुझे ट्रॅक्टर बघ. त्या रागानं त्यानं गाडी काढली. “म्हणजे ही चीज मूळची शेतकऱ्याच्या अपमानातनं आलेली आहे,” बापू म्हणाले, “तर आम्हाला बसून बघायला हरकत नसावी.”

हरकत नव्हती. बापू बसले. बसताना गुडघे हनुवटीपर्यंत आले, पण चेहऱ्यावर काय तेज! दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि समोरच्या भिंतीकडे असं पाहिलं की भिंतीपलीकडे कोकमठाण असावं. मग प्रश्न सुरू झाले. “ॲव्हरेज काय देते?” मुलगा खोकला. “स्टेपनी कुठंय?” स्टेपनी नव्हती, पंक्चरचा किट होता. “स्टेपनी नाही? आणि रात्री नेवासा फाट्यावर बसली तर किट कोण लावणार, तू येशील?” “सर, हिचं इंजिन मागे आहे आणि डिकी पुढे.” बापू क्षणभर गप्प झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हणजे ही रिक्षाच की हो!”

उतरताना खरी पंचाईत झाली. आत जायला वजन मदत करतं, बाहेर यायला ते आडवं येतं. एक हात मी धरला, एक टायवाल्या मुलानं. बापूंनी “जय हरी” म्हणून पाय बाहेर टाकला आणि कमरेतून असा आवाज आला की मुलानं पटकन गाडीकडेच बघितलं. परतीच्या वाटेवर रांजणगावला महागणपतीचं दर्शन घेतलं. बापू म्हणाले, “गाडी चांगली आहे. फक्त एक गोष्ट बघायची राहिली.” हे त्यांचं आवडतं वाक्य. ती एक गोष्ट दर वेळी नवी असते.

नंबरचंच घ्या. राहतात नगरला म्हणजे एमएच १६, जमीन होती कोपरगावला म्हणजे श्रीरामपूर पासिंग, एमएच १७. सोळाची बेरीज सात, सतराची आठ, आणि आठ म्हणजे शनी. शनीला भिऊन नगर जिल्ह्यात राहताच येत नाही, तो आमच्या नेवासा तालुक्यातच बसलाय. बापू शिंगणापूरला विचारायला गेले. तिथल्या घरांना दारं नसतात. २०११ मध्ये तिथं बँक आली, तीही बिनकुलपाची. बापूंना तिथल्या एका दुकानदारानं सल्ला दिला, “गाडी शनिवारी घेऊ नका, बाकी बिनधास्त.” तेवढंच निमित्त पुरलं. त्या वर्षी दसरा शनिवारी होता.

साडेतीन मुहूर्त बापूंनी असे पाळीपाळीनं वापरले आहेत. पाडव्याला मार्चअखेरची उधारी वसूल व्हायची असते, अक्षय तृतीयेला मोटारींचा सीझन, दसऱ्याला नवीन मॉडेल येणार असं कळतं, दिवाळीच्या पाडव्याला ते आलेलं असतं पण महाग झालेलं असतं. त्यांच्या विचारात गाड्या जन्मल्या आणि मेल्याही. १९९८ मध्ये गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, कापडी टपाची, फायबरच्या बॉडीची गाडी निघाली. रेनोचं इंजिन. बापूंनी मासिकातलं चित्र कापून दुकानात लावलं. तेव्हा पैसे नव्हते, ते सोडा. पुढे २०१२ मध्ये मुंबईच्या डीसी डिझाइननं दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत अवंती दाखवली, आपल्या मातीतली स्पोर्ट. हातात पैसे आले, बापूंनी विचार सुरू केला, आणि विचार पुरा व्हायच्या आत अवंतीही बंद झाली. “घाई केली असती तर आज पार्ट मिळाले नसते,” हे बापू विजयी मुद्रेनं सांगतात.

सचिनचं उदाहरणही ते असंच वापरतात. २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्यावर त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, शूमाकरच्या हस्ते. मग १ कोटी १३ लाखांच्या आयातशुल्कावरून गदारोळ झाला, शेवटी फियाटनं ते भरलं, आणि २०११ मध्ये सचिननं गाडी सुरतच्या एका व्यापाऱ्याला विकली. “बघा,” बापू म्हणतात, “फुकट मिळालेली, तरी विकावी लागली. आणि इथं तर आम्ही पैसे मोजणार.” मग मी म्हणतो, “म्हणजे नको घ्यायला?” की लगेच, “घ्यायचीच आहे हो! मी नको कुठं म्हणालो?”

पोरानं पुण्याहून सोपा मार्ग सुचवला. “पप्पा, एका दिवसासाठी भाड्यानं मिळते. घ्या, वावरावरून फिरवा, परत द्या.” बापूंना हे फार लागलं. “पोळ्याला भाड्याचे बैल आणून मिरवतं का रे कोणी?” पोरगा गप्प. आयटीत आहे, पण पोळा कळतो त्याला.

दोन सीटची अडचण बापूंना उशिरा लक्षात आली. तोवर डावी सीट त्यांनी अर्ध्या नगरला देऊन टाकली होती. पहिली चक्कर माझी, हे तर ठरलेलंच. तीच पहिली चक्कर न्हाव्यालाही कबूल आहे, टायरवाल्यालाही, कॉलनीच्या वॉचमनलाही आणि नातवालाही. एका लग्नात टायरवाला आणि वॉचमन शेजारी जेवायला बसले आणि त्यांना हे कळलं. जिलेबी येईपर्यंत दोघं बोलेनासे झाले होते. वहिनींनी वाढता वाढता विचारलं, “आणि माझी सीट कुठली?” बापूंनी मठ्ठा मागितला.

काही लोक बापूंना कंजूष म्हणतात. हे मला पटत नाही. त्या बाजूला काढलेल्या रकमेचं पुढे काय होत गेलं, हे मी शेजारी असल्यामुळे बघत आलोय. पुतण्याची इंजिनीअरिंगची फी भरायची वेळ आली, तेव्हा बापू म्हणाले, “बुटकी थोडी पुढं ढकलू.” बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, बुटकी पुढं. चुलत्यांची तीच विहीर आटली, बोअर घेतलं, बुटकी पुढं. दुकानातल्या पोराच्या लग्नालाही बुटकीनंच आहेर केला. प्रत्येक वेळी दिवाळीत बापू पुन्हा रक्कम भरून काढतात आणि डायरीत लिहितात, ‘बुटकी : जमा’. वहिनी एकदा म्हणाल्या, “बुटकीनं लय जणांची कामं केली हो सर. दारात आली असती तर एवढं झालं नसतं.” पण हे बापूंसमोर नाही.

बापूंसमोर त्यांनी नेमक्या मुद्द्यावर एकदाच बोट ठेवलं, आणि तेव्हा मी होतो. बापू नुकतेच वेग, पिकअप, तीन सेकंदांत शंभर वगैरे समजावून सांगत होते. वहिनी गवार मोडत होत्या. “त्या रस्त्यावर जास्तीत जास्त किती पळवता येते?” “एकशे वीस.” “त्याच्या वर?” “दंड.” “मग आपली पांढरी जाते की एकशे वीसनं. सहा सेकंद ते सहाच सेकंद.” बापूंनी डायरी उघडली, आकडेमोड पाहिली, बंद केली. आठवडाभर टपरीवर आलेच नाहीत. आम्हाला वाटलं, संपलं. टपरीवाल्यालाही चैन पडेना. तोच उठून बापूंना बोलवायला गेला.

बापू परतले ते नवीन बातमी घेऊन. जुलै २०२५ मध्ये एमजीनं विजेवर चालणारी स्पोर्ट आणली, सायबरस्टर, वरती उघडणाऱ्या दारांची, पाऊण कोटीच्या आतबाहेर. दोन सीट, टप उघडा. त्यात राज्य सरकारनं विजेच्या गाड्यांना समृद्धीवर टोल माफ केलेला. बापूंनी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. “टोल माफ, सर! आपल्याच वावरातून जायला आपणच पैसे द्यायचे, हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं. फक्त एक गोष्ट बघायची राहिली. चार्जिंग.”

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. पार्किंगमध्ये जाड केबल ओढली, भिंतीवर भला मोठा पॉइंट बसवला, वर पत्र्याची छपरी केली, नातवानं स्विचला हळदकुंकू लावलं. गाडीचा मुहूर्त पाडव्यावर गेला आहे, पण पॉइंट रिकामा ठेवणं वहिनींच्या स्वभावात नाही. त्यांनी घरघंटी तिथं खाली आणून लावली. आता कॉलनीतल्या बायका सकाळी ज्वारी-बाजरीचे डबे घेऊन बुटकीच्या जागेवर रांगेत उभ्या असतात, आणि बापू खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात की बाई, आठ दिवसांत जागा मोकळी करावी लागंल, गाडी यायचीय.